पात्याखाली लिंबू

७ फेब्रुवारी २०२१, रविवार

बर्फ पाहिला!

फ्रीजमधला नाही, डोंगरावरचाही नाही. बाहेर छत्तीस डिग्री ऊन, आणि पत्र्याच्या एका शेडमध्ये आमच्या कॉन्व्हेंटच्या हॉलच्या चौपट बर्फ पसरलेला. मी साडीवर जावयाचं, निमिषचं, जॅकेट चढवलेलं, पायात मोजे आणि चपला. मास्कमधल्या वाफेने चष्मा पांढरा. निमिष म्हणाला, "आई, फोटो काढू?" म्हटलं, "खबरदार!"

मधेच शिट्टी वाजवून सगळ्या मुलांना बाहेर काढतात. मग एक बुटकी गाडी येते. झँबोनी म्हणतात तिला. ती फिरते आणि मागे ओला, चकाकता पट्टा सोडत जाते. ओरखडा नाही, डाग नाही. नुकत्याच सारवलेल्या अंगणावर पाय टाकायला जीव होत नसे, तसंच वाटलं. श्वास धरून पाहत राहिले.

मग त्यावर मैथिली गेली. आमची बारा वर्षांची नात घरात दर दोन दिवसांनी टेबलाला धडकते. पण तिथे! एका पायावरून दुसऱ्या पायावर नुसता भार टाकते आणि लांबच लांब जाते. ही हे कधी शिकली? मी वर्षभर याच घरात आहे. भारतातून लेकीकडे ऑस्ट्रेलियात तीन महिन्यांसाठी आले होते, विमानंच बंद पडली — आणि मला ठाऊकच नाही.

१३ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा लॉकडाऊन, पाच दिवसांचं. मैथिली हॉलमध्ये मोजे घालून घसरते आहे.

२० फेब्रुवारी, शनिवार

बेंडिगोत पहिल्यांदाच मुलांची आइस हॉकीची टीम होते आहे. ब्रेंडा नावाची बाई कोच. कॅनडात वाढलेली, इथे शाळेची बस चालवते. मुलं जमली आहेत, पण गोलकीपर नाही. मार्चअखेर गोलकीपर मिळाला नाही तर मेलबर्नची लीग ही टीम सामन्यांत घेणार नाही. ब्रेंडाने आज विचारलं, कोण उभं राहील? आमच्या बाईसाहेबांनी हात वर केला.

"का गं?"

"नोबडी एल्स डिड, आजी. ऑल ऑफ देम वर लुकिंग ॲट देअर शूज."

मंजिरी, माझी डॉक्टर लेक, हॉस्पिटलमधून दमून आली होती, ऐकून ताडकन उभीच राहिली. "मुळीच नाही. मी रोज इमर्जन्सीत तुटलेले दात बघते." मैथिली काही बोलली नाही. ताट अर्धं ठेवून खोलीत गेली. तिचं हे गप्प होणं मला भिववतं. लॉकडाऊनमध्ये महिनेच्या महिने ही पोर अशीच गप्प होती, दार लावून.

भारतात थोरल्या बहिणीला, शैलाताईला, फोन लावला. सगळं सांगितलं. मग ती इतकी हसली, इतकी हसली की खोकला लागला.

"शामू, गोलकीपर? आपल्या घरात? पुन्हा?"

२१ फेब्रुवारी, रविवार

काल रात्रभर तेच डोळ्यांपुढे. पुण्याचं आमचं कॉन्व्हेंट. चुन्याने आखलेलं मैदान, कमरेला पट्टा, निळा ट्यूनिक, आणि गोलमध्ये शैलाताई. पायांना वेताचे जाड पॅड, तिच्या मांडीपर्यंत येणारे. मी तेव्हा खालच्या वर्गात. तिची पाण्याची बाटली धरून खांबामागे उभी राहायचे. सिस्टर बेनेडिक्टा झगा सावरत बाजूने धावायची आणि ओरडायची, "आइज, शैला, आइज!" बाकी मुली पळत सुटायच्या, ताई मात्र तिथेच. सगळं जग तिच्याकडे चालून यायचं आणि ती वाट पाहत उभी. मला वाटायचं, देवळातल्या देवीचं काम असंच असणार.

मॅट्रिकनंतर हॉकी संपली. आई गेली, धाकटे आम्ही तीन. ताईने नोकरी धरली, लग्न केलं नाही. आमच्यासाठीही ती गोलमध्येच उभी राहिली म्हणायचं. तेव्हा नाही कळलं.

२८ फेब्रुवारी, रविवार

ताईने मंजिरीला व्हिडिओवर गाठलं. मंजिरी तिला "मावशी" म्हणते, पण घाबरते आईपेक्षा जास्त.

"मंजू, हे बघ." करंगळी स्क्रीनला लावली. डाव्या हाताची, कायमची वाकडी झालेली. "एकोणीसशे बासष्ट. सेमीफायनल. मला बाकी काही दाखवण्यासारखं नाही आयुष्यात, पण हे सगळ्यांना दाखवते. दुधवाल्यालासुद्धा."

"मावशी, तो काळ वेगळा —"

"तेव्हा तोंडावर काहीच नसायचं. हिला तर पिंजरा आहे म्हणे, अख्ख्या डोक्याला."

मंजिरी हसली. तिथेच हरली.

१४ मार्च, रविवार

रोज संध्याकाळी गॅरेज. निमिषची गाडी बाहेर, मैथिली आत, मागे जुनी चादर टांगलेली. ती जाळी. फोन तांदळाच्या डब्यावर उभा. फोनमध्ये शैलाताई, तिकडे तिची जेवणाची वेळ, हातात ताक-भाताची वाटी. आणि चेंडू मारायला कोण? मी! वय वर्षं सदुसष्ट, हातात उसनी हॉकी, पदर खोचलेला.

"शामू, मार की जोरात! आरती ओवाळतेस का?"

"ताई, कंबर —"

"कंबर नंतर. मैथिली, चेंडूकडे काय बघतेस? मारणाऱ्याच्या हाताकडे बघ. हात आधी सांगतो."

मैथिली मराठीत उत्तर द्यायची नाही कोणाला. पण ताईला इंग्रजीतून उत्तर दिलं की ती मुद्दाम "काय? ऐकू आलं नाही" म्हणते. त्यामुळे पोर आता चक्क म्हणते, "शैलाआजी, परत एकदा."

आज एक नवीन नियम सांगितला ताईने. गोल झाला की मान खाली घालायची नाही. वळायचं, जाळीतून चेंडू स्वतः काढायचा, परत द्यायचा, पुन्हा तोंड समोर करून उभं राहायचं. "दुसऱ्याने काढून दिला तर तो गोल तुझ्या पाठीशी राहतो. आपण काढला की संपला."

मी मारलेला एक चादरीवर गेला. मैथिली वळली, वाकली, चेंडू माझ्या हातात आणून दिला. डोळे समोर.

२७ मार्च, शनिवार

लीगने टीम घेतली! नाव बेंडिगो बिलबीज. बिलबी म्हणजे लांब कानांचा, इथल्या वाळवंटातला छोटा प्राणी, उंदीर आणि ससा यांच्या मधला. मी म्हटलं, वाघ-सिंह नाही का मिळाले? मैथिली म्हणाली, "आजी, बिलबीज आर टफ. दे डिग."

१३ एप्रिल, मंगळवार

पाडवा. गुढी मागच्या अंगणात, कपडे वाळवायच्या फिरत्या दांड्याला बांधली. वारा आला की गुढी गोल फिरते!

मैथिलीचे गोलकीपरचे स्केट्स कालच आले. ब्रेंडाच्या ओळखीतून, कोणाचे तरी वापरलेले. पण आपल्याला नवेच. मुहूर्त साडेतीनातला, सोडते कशी? पाटावर ठेवले, हळद-कुंकू वाहिलं. निमिष म्हणाला, "आई, नवी गाडी घेतली की चाकाखाली लिंबू ठेवतो ना आपण?" मग काय! शेजारच्या झाडाची दोन लिंबं. ओसरीवर रबराची मॅट, तिच्यावर लिंबं. मैथिली स्केट्स घालून, माझा खांदा धरून, एकेक पाय खाली. कच्च! दोन तुकडे, सुरीने कापावे तसे. ती किती हसली! कित्येक महिन्यांत असं हसलेली ऐकली नव्हती. स्केट्स तसेच पाटावर ठेवले, दोन दिवस राहू देत म्हटलं, पूजेतले आहेत.

१५ एप्रिल, गुरुवार

काय करून बसले मी हे!

सरावाला गेलो. मैथिलीने पिशवीतून स्केट्स काढले तर दोन्ही पात्यांवर नारिंगी ठिपके. गंज! लिंबाचा रस रात्रभर नव्हे, दोन रात्री तसाच. ब्रेंडाने पातं उजेडात धरलं, बोट फिरवलं, मग वास घेतला.

"मेट, तू या पात्यांनी सॅलड कापलंस का?"

मैथिलीने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता म्हणेल आजीने केलं. तर म्हणाली, "वी डिड अ पूजा. इट्स अ फॅमिली थिंग." वी! मान ताठ, जराही लाजली नाही.

मग मीच पुढे झाले, माझ्या कॉन्व्हेंटच्या इंग्रजीत सगळं सांगितलं. गाडी, चाक, लिंबू, संकट बाजूला होणं. ब्रेंडा ऐकत राहिली. पाती घासायच्या यंत्रावर धरली, ठिणग्या उडाल्या, गंज गेला. शेवटी एवढंच म्हणाली, "पुढच्या वेळी लगेच पुसा."

२६ एप्रिल, सोमवार

शैलाताईला ताप. "साधा आहे." आवाज साधा नव्हता.

२९ एप्रिल, गुरुवार

पॉझिटिव्ह. खालच्या मजल्यावरच्या विश्रामने तिला स्वतःच्या गाडीतून तीन हॉस्पिटलं फिरवली. चौथ्या ठिकाणी खाट मिळाली. ऑक्सिजनवर आहे. विश्रामचा फोन आला की भीती वाटते, नाही आला की जास्त.

मी म्हटलं, मी जाते. मंजिरी माझ्यासमोर बसली, माझे दोन्ही हात धरले. "आई, तिकडून इकडे यायची विमानं बंद केली आहेत. गेलीस तर परत कधी येता येईल कोणी सांगू शकत नाही. आणि तिथे तुला तिच्या खाटेजवळ सोडणारही नाहीत." डॉक्टर बोलत होती. मग डॉक्टर रडली.

३ मे, सोमवार

ताईचा निरोप, विश्रामच्या फोनवरून. धाप लागत होती, एकेक शब्द सुटा. "शामू. यायचं नाही. पोरगी. खेळल्याशिवाय. हलायचं नाही तिथून."

मैथिलीने ते ऐकलं. गॅरेजमध्ये गेली. चेंडू भिंतीवर मारून स्वतःच अडवत होती, धप, धप, धप. मी स्वयंपाकघरात ऐकत उभी. तो आवाज थांबू नये असं वाटत होतं.

१९ मे, बुधवार

घरी आली! शैलाताई घरी आली!! नाकात नळी, बाजूला ऑक्सिजनचं मशिन गुरगुरतं आहे. चेहरा केवढासा झाला आहे. पहिलं वाक्य: "मॅच कधी?"

"पाच जूनला, ताई."

"मग मला दोन आठवडे तरी काढायला हवेत."

असं बोलू नकोस म्हटलं तर चिडली.

२८ मे, शुक्रवार

लॉकडाऊन. पाच जूनची मॅच गेली. मैथिलीने कॅलेंडरवर काट मारली नाही. नुसती तारखेवर बोट ठेवून उभी होती.

२६ जून, शनिवार

नवी तारीख, दहा जुलै. मेलबर्नची टीम इथे येणार. पण प्रत्येक मुलामागे आत एकच मोठं माणूस. मंजिरीची त्या दिवशी ड्यूटी. निमिषने खाणीतल्या नोकरीतून मुद्दाम सुट्टी घेतली होती. जेवताना भाजी वाढून घेत सहज म्हणाला, "आई, तुम्ही जा. मी गाडीत बसतो."

"अहो, वडील तुम्ही —"

"गॅरेजमध्ये चेंडू कोणी मारले?"

वरण वाढत राहिले, त्याची वाटी भरून सांडली.

आणि ताईला मॅच दाखवायची माझी जबाबदारी. फोन कसा धरायचा, मैथिलीने तीनदा शिकवलं. "आजी, हे बटण. मग तू दिसत नाहीस, समोरचं दिसतं." कळलं म्हटलं.

१० जुलै, शनिवार

शांतपणे लिहायला बसले आहे.

सकाळी दही-साखर हातावर दिली. शेडबाहेर गोठवणारा वारा, गवतावर दहिवर पांढरं. आत गेलो तर दाराशी ब्रेंडा, हातात भली मोठी पिशवी. तिच्या परसातली लिंबं! "प्रत्येकी दोन," म्हणाली. रबराच्या मॅटवर सगळ्या मुलांना ओळीत उभं केलं. उंच, ठेंगणी, सोनेरी केसांची, एक दात पडलेला. आणि माझ्याकडे वळून, "श्यामला, आता काय करायचं?"

मी! मला विचारत होती. म्हटलं, "उजवा पाय आधी."

कच्च, कच्च, कच्च, कच्च! सगळी शेड लिंबाच्या वासाने भरली. मुलं आरडाओरडा करत होती. ब्रेंडाने प्रत्येकाला टॉवेल दिला आणि गरजली, "आता पुसा! नीट पुसा!" माझ्याकडे बघून डोळा मारला. मला हसू आणि रडू एकदमच आलं.

मग मॅच.

मेलबर्नची मुलं हातभर उंच. ती आली तीच वादळासारखी. ती काळी रबरी चकती, पक म्हणतात, दिसतसुद्धा नाही, नुसती कडाड् वाजते. आणि टोकाला, एवढ्याशा जाळीपुढे, आमची मैथिली. पॅड तिच्यापेक्षा रुंद. पिंजऱ्याआड चेहरा दिसत नव्हता. मी काचेला चिकटून उभी, फोन उंच धरलेला, मास्कच्या वाफेने चष्मा पांढराफटक. पुसायला हात कुठे मोकळा? अर्धं बघत होते, अर्धं ऐकत होते.

पहिला गोल झाला तेव्हा माझे डोळे आपोआप मिटले. उघडले तर ती वळली होती. काठीने जाळीतून पक ओढून काढला. पंच घ्यायला येतच होता, तो थबकला. तिने पक त्याच्याकडे ढकलला आणि तोंड समोर केलं.

दुसऱ्याला तेच. पाचव्याला तेच. पुढे पुढे तर पंच वाट पाहत थांबायचा, देवळात तीर्थासाठी थांबावं तसा. समोरच्या टीमच्या कोचनेही ते पाहिलं. मी पाहिलं त्याला पाहताना. मधेच एक दांडगा मुलगा एकटा सुटून सरळ तिच्यावर आला. ती हलली नाही. हात आधी सांगतो! डावा हात वर गेला आणि पक त्या मोठ्या हातमोज्यात नाहीसा झाला. शेडमधल्या सगळ्यांनी श्वास सोडला. मी काय ओरडले ते आठवत नाही. मराठीत ओरडले एवढं नक्की.

हरलो. अकरा-एक. आमचा तो एक गोल झाला तेव्हा बिलबीजनी वर्ल्ड कप जिंकल्यासारखा ढीग केला. संपल्यावर दोन्ही टीम ओळीने हात मिळवतात. कोविडमुळे हात नाही, नुसत्या काठ्या टेकवतात. समोरची मुलं मैथिलीपाशी आली की एकेक जण तिच्या पॅडवर काठी हळूच टेकवत गेला.

तिने पिंजरा वर केला. केस ओले, गाल लाल. "शैलाआजीने बघितलं?"

"सगळं बघितलं गं."

माझ्या डोळ्यांपुढे कॉन्व्हेंटचं मैदान होतं, चुन्याच्या रेषा, आणि मी बाटली धरून खांबामागे. साठ वर्षं झाली. खांबामागची जागा मी सोडलेलीच नाही. केवढं नशीब माझं!

११ जुलै, रविवार

ताईशी बोलले. काल मॅचनंतर ती फारसं बोललीच नव्हती, दमली म्हणाली. आज म्हटलं, "कशी वाटली पोरगी?"

"मला काय माहीत?"

"म्हणजे?"

"शामू, बटण दाबायला विसरलीस. पूर्ण वेळ तुझं तोंड दिसत होतं."

मी डोक्याला हात लावला. एवढं एक काम माझ्याकडे होतं! "ताई, सांगायचं नाहीस का? ओरडायचंस!"

"मुद्दाम नाही सांगितलं." धाप लागली, थांबली. मशिनचा आवाज येत राहिला. "पोरीच्या मॅचचा व्हिडिओ क्लबवाल्यांनी काढला आहे, निमिष दाखवेल मला. तुझं तोंड कोण दाखवणार होतं? गोल गेला की तुझे डोळे मिटायचे. अडवला की तोंड उघडं. मास्कमधून, चष्म्याच्या वाफेतूनसुद्धा कळत होतं. लहानपणी मी गोलमध्ये असताना तू अशीच बघायचीस ना? मला कधी दिसलंच नाही गं. माझी पाठ असायची तुझ्याकडे."

मग एकच शब्द म्हणाली. गेल्या दीड वर्षात एकदाही न म्हटलेला, हॉस्पिटलातसुद्धा नाही. मला वाटतं जन्मात पहिल्यांदाच तिने कोणाकडे काही मागितलं.

"ये."

१६ जुलै, शुक्रवार

पुन्हा लॉकडाऊन. बर्फाच्या शेडला कुलूप. बिलबीजच्या नावावर एक मॅच. मंजिरीने तिकीट मिळवलं, मंगळवारचं. परतीचं नाही. तसं मिळतच नाही सध्या. मैथिलीला मी सांगायच्या आधीच ठाऊक होतं. विचारलं फक्त, "शैलाआजीला पिंजरा दाखवशील? मी माझा जुना देते."

२० जुलै, मंगळवार

पहाटे उठून देवाला नमस्कार केला. पिंजरा बॅगेत, साड्यांच्या मधोमध. निमिषने बॅग रात्रीच दाराशी उभी करून ठेवली होती. ढकलायला गेले तर हलेना. वाकून पाहिलं — चाकांखाली दोन लिंबं. आणि हँडलला टॉवेल बांधलेला, लगेच पुसायला.